पायातलं त्राण: दीडशे वर्षांची शोधाशोध

मागच्या भागात आपण देवीच्या लसीची गोष्ट ऐकली. ती गोष्ट सोपी होती. रोग ओळखीचा, लस सापडली, रोग गेला. आजची गोष्ट तशी नाही. आज ज्या आजाराबद्दल बोलणार आहोत त्याला नीट नाव मिळूनच दीडशे वर्षं झाली, आणि तो मुळापासून बरा करणारं औषध अजून निघालेलं नाही. तरी ही गोष्ट सांगायची आम्ही ठरवलं, कारण यात आमच्या गटाचीही एक चूक आहे आणि ती मनातून जात नाही.

आमच्या गटातली एक मैत्रीण. वय तेव्हा एकोणतीस. नाव सांगत नाही, पण तिला विचारूनच बोलतोय. आमची बैठक दुपारी तीनला असायची आणि गैरहजेरीला दहा रुपये दंड. ही बाई बैठकीला येईना. विचारलं तर म्हणायची, पायात त्राणच राहत नाही, उंबऱ्यापर्यंत आले की पाय गळतात. आणि सकाळी सातला तीच बाई नळावर दोन हंडे घेऊन चालताना दिसायची. मग आम्ही काय समजलो असू ते तुम्हाला सांगायला नको. सात वेळा दंड लावला, वहीत तशी नोंद आहे. सासूबाई म्हणायच्या नाटक आहे, शेजारीण म्हणायची बाहेरचं काहीतरी आहे, आणि आम्ही म्हणायचो नियम सगळ्यांना सारखा. पुढे तिचा एक डोळा अंधुक झाला, हात बधिर झाले, आणि अडीच वर्षांनी मेंदूचा एमआरआय झाल्यावर मोठ्या डॉक्टरांनी नाव सांगितलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. थोडक्यात एमएस.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी हा आजार आम्हाला समजावला तो असा. विहिरीवर मोटार असते, डीपीपासून तिथवर केबल असते. केबलच्या आत तांब्याची तार आणि वरून प्लास्टिकचं वेष्टण. उंदरानं वेष्टण जागोजागी कुरतडलं, तर करंट मध्येच गळतो. मोटार चांगली आहे, डीपीत लाईट आहे, पण पाणी काही चढत नाही. आपल्या शरीरात मेंदू म्हणजे डीपी, स्नायू म्हणजे मोटार, आणि मधले मज्जातंतू म्हणजे केबल. त्या तंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टण असतं. रोगांपासून आपली राखण करणाऱ्या पेशीच एमएसमध्ये त्या वेष्टणावर तुटून पडतात. कुंपणानंच शेत खावं तसं. म्हणजे या बाईच्या पायाचे स्नायू मुळात धडधाकट होते, मेंदूचा निरोपच तिथवर पोचत नव्हता.

आता इतिहासाकडे वळू. तो सुरू होतो इंग्लंडात, एका राजाच्या नातवापासून. तिसऱ्या जॉर्ज राजाचा हा नातू, ऑगस्टस डेस्टे. 1822 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, एका जवळच्या नातलगाच्या अंत्यविधीनंतर त्याची नजर अंधुक झाली. पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची वेळ आली. काही दिवसांत नजर आपोआप परतली. पुढे इटलीत एकाच्या जागी दोन दिसू लागलं, मग पायातली ताकद गेली. या माणसानं वीस वर्षांहून जास्त काळ रोजनिशी लिहिली, म्हणून आज आपल्याला हे कळतं. त्याच्या काळात या आजाराला नावच नव्हतं. रोजनिशी विसाव्या शतकात सापडली, 1948 साली तिच्यावर पुस्तक निघालं, आणि लक्षणं वाचून डॉक्टर म्हणाले की हा एमएसच.

या रोजनिशीत उपचारांची नुसती रांग लागलेली आहे. जळवा लावल्या. औषधी पाण्याच्या झऱ्यांवर जाऊन स्नानं केली. अंगाला मलमं चोळली. एका डॉक्टरनं तर त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, दिवसातून दोनदा भरपूर मांस खाऊ घातलं आणि वर दारू पाजली. आणि मैत्रिणींनो, गंमत ऐका. त्या मांसानंतर त्याच्या पायात ताकद परत आली! तो पुन्हा चालू लागला.

ही ताकद मांसानं आणली नव्हती. या आजाराचा स्वभावच असा आहे की बहुतेकांना सुरुवातीची वर्षं तो झटक्यानं येतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी आपणहून ओसरतो. पूर्ण नाही, पण पुष्कळ. मग ओसरायच्या वेळी माणूस जे काही घेत असेल, त्याला श्रेय जातं. जळू असेल तर जळूला, अंगारा असेल तर अंगाऱ्याला. डेस्टेचं पुढे काय झालं? झटके येत राहिले, काठी आली, मग चाकाची खुर्ची आली, आणि 1848 साली तो वारला. राजाचा नातू, पैशाला तोटा नाही, तरी वीस वर्षं तो एका उपायाकडून दुसऱ्या उपायाकडे फिरत राहिला. मग आपण फिरलो तर नवल काय!

आम्हीही फिरलो. तिचा आजार कळायच्या आधी गटानं तिला बारा हजारांचं अंतर्गत कर्ज दिलं, शेजारच्या जिल्ह्यातल्या एका माणसाची नसांची पावडर आणायला. तीन महिने तिनं ती घेतली, आणि खरंच सुधारली. चार महिने बरी होती. आम्ही बैठकीत टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या गटांतल्या बायकांनाही तो पत्ता दिला. पाचव्या महिन्यात दोन्ही पाय गेले.

आजाराला नाव मिळालं पॅरिसमध्ये. तिथं साल्पेत्रिएर नावाचं मोठं रुग्णालय आहे. मुळात ती बंदुकीच्या दारूची जागा. पुढे तिथं गरीब, म्हाताऱ्या, आजारी, कुणी न सांभाळलेल्या बायकांना ठेवू लागले. हजारो बायका तिथं राहायच्या. 1862 पासून झां-मार्तां शार्को हे डॉक्टर तिथं काम करू लागले. थरथरणाऱ्या, पाय ओढत चालणाऱ्या या बायकांना ते वर्षानुवर्षं बारकाईनं पाहत, लिहून ठेवत. त्यांच्या घरी एक मोलकरीण होती, हात थरथरत असल्यामुळे तिच्या हातून ताटल्या फुटायच्या, तरी शार्कोंनी तिला कामावर ठेवलं, आणि ती वारल्यावर तिच्या मेंदूत त्यांना हा आजार दिसला, असं सांगितलं जातं. 1868 साली त्यांनी मेंदूत आणि मज्जारज्जूत दिसणारे कडक डाग आणि जिवंतपणी दिसणारी लक्षणं यांची सांगड घातली. स्क्लेरोसिस म्हणजे कडकपणा, मल्टिपल म्हणजे अनेक ठिकाणी. नाव आलं ते असं.

त्या बायकांची नावं फारशी कुणाला माहीत नाहीत. डॉक्टरचं नाव राहिलं. असो.

उपचार म्हणून शार्कोंनी सोन्याचे नि चांदीचे क्षार दिले, कुचल्यातलं विष म्हणजे स्ट्रिकनिन थोड्या मात्रेत दिलं, विजेचे प्रवाह दिले. फार काही साधलं नाही. पण हा माणूस खरा होता. या आजाराच्या उपचारावर गंभीरपणे बोलायची वेळ अजून आलेली नाही, अशी कबुली त्यांनी आपल्या व्याख्यानात दिली. नसांच्या पावडरवाल्यानं एवढं म्हटलं असतं तर आमचे बारा हजार वाचले असते.

पुढची पन्नास-साठ वर्षं तशीच गेली. आर्सेनिक देऊन पाहिलं, मुद्दाम ताप आणून पाहिला. त्यात थांबण्यासारखं काही नाही. आता आमची सगळ्यात आवडती गोष्ट सांगतो.

अमेरिकेत न्यूयॉर्कला सिल्व्हिया लॉरी नावाची एक तरुणी होती. तिचा भाऊ बर्नार्ड याला एमएस झाला. डॉक्टर म्हणाले, इलाज नाही. तेव्हा तिनं काय केलं असेल? 1 मे 1945 ला तिनं न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक छोटी जाहिरात दिली. स्थळं, नोकऱ्या, हरवले-सापडले असं जिथं छापतात तिथं. मजकूर एवढाच की, मल्टिपल स्क्लेरोसिसमधून कुणी बरं झालं असेल तर कृपा करून रुग्णाशी संपर्क साधा.

पन्नासहून जास्त पत्रं आली. बरं झाल्याचं सांगणारी नव्हेत. ती होती आजारी माणसांची आणि त्यांच्या घरच्यांची, आणि सगळ्यांचं एकच विचारणं: तुम्हाला कुणी बरं झालेलं सापडलं, तर आम्हालाही कळवा.

आम्ही बैठकीत ही गोष्ट वाचली तेव्हा कुणी बराच वेळ बोललं नाही. कारण आपले गट तरी कसे उभे राहिले? एकीला वाटत होतं सावकाराचं व्याज माझ्याच डोक्यावर आहे. विचारायला गेली तर गल्लीतल्या दहा जणींच्या डोक्यावर तेच. सिल्व्हियानं ती पत्रं फेकली नाहीत. त्या लोकांना एकत्र केलं, 1946 साली वीस तज्ज्ञ डॉक्टर गोळा करून संस्था काढली, पैसे उभे केले आणि संशोधकांना दिले. सरकारच्या मागे लागली. 1950 साली अमेरिकन सरकारनं मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारांसाठी संशोधन संस्था काढली, त्यात या मंडळींच्या पाठपुराव्याचा मोठा वाटा होता. 1967 मध्ये देशोदेशींच्या एमएस संस्थांचा महासंघ झाला, आपल्याकडच्या ग्रामसंघासारखाच, फक्त जगाएवढा. भावाला बरं करणारं औषध तिच्या हाती कधी आलं नाही. ती 2001 मध्ये वारली.

पैसा आला तसा एक नवा शहाणपणाही आला: औषधाची परीक्षा कशी घ्यायची. आजार आपणहून ओसरतो, तर औषधानं बरं वाटलं की नुसतंच वाटलं हे कळायचं कसं? त्यासाठी रुग्णांचे दोन भाग करायचे. कुणाला कुठल्या भागात घालायचं ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. एका भागाला खरं औषध, दुसऱ्याला तसंच दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी. कुणाला काय मिळालं ते रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. शेवटी दोन्ही भाग ताडून पाहायचे. एसीटीएच नावाच्या इंजेक्शनची अशी परीक्षा अमेरिकेत झाली आणि 1970 मध्ये तिचा निकाल छापला गेला. झटक्यातून माणूस लवकर सावरतो, एवढं सिद्ध झालं. आजार थांबतो असं काही सिद्ध झालं नाही. आज झटका आल्यावर तीन ते पाच दिवस शिरेतून स्टिरॉइड देतात, त्याचं कामही तेवढंच. आमच्या मैत्रिणीला तिसऱ्या दिवशी पाय उचलता आले तेव्हा घरच्यांना वाटलं आजार गेला. तसं नसतं.

झटके कमी करणारं पहिलं औषध आलं 1993 मध्ये. इंटरफेरॉन बीटा, एक दिवसाआड टोचायचं. झटके साधारण एक तृतीयांशानं कमी झाले. माल थोडा आणि मागणारे फार, म्हणून अमेरिकेत कंपनीनं चक्क सोडत काढली. भिशीत चिठ्ठी निघते ना, तशी. ज्याचा नंबर आधी लागला त्याला औषध आधी. एखादीचा नंबर मागे पडला असेल तेव्हा तिच्या घरी रात्री काय बोलणं झालं असेल, हे आपल्याला कल्पनेनं कळतं.

तीन वर्षांनी आणखी एक इंजेक्शन आलं, ग्लॅटिरॅमर. त्याची हकीकत वेगळीच. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत रूथ अर्नॉन आणि द्वोरा टायटलबाऊम या दोन बाया मायकेल सेला यांच्याबरोबर काम करत होत्या. प्राण्यांमध्ये एमएससारखा आजार पैदा करील असा पदार्थ त्या बनवू पाहत होत्या, अभ्यासासाठी. पदार्थ तयार झाला, पण तो आजार आणीना, उलट आजार अडवायला लागला! प्रयोग फसला म्हणून त्यांनी तो टाकून दिला नाही. पण 1960 च्या दशकाअखेरच्या त्या कामाचं औषध व्हायला 1996 उजाडलं. 2010 मध्ये पहिली गोळी आली, फिंगोलिमॉड. आता पंधराहून जास्त औषधं आहेत, आणि त्यातली काही आपल्याकडे जेनेरिक रूपात मिळतात. मेंदूच्या डॉक्टरांना ते स्पष्ट विचारायचं, लाजायचं नाही.

आता थेट ताकदीबद्दल. ही सगळी औषधं पुढचे झटके अडवतात. आधीच कुरतडलेल्या केबलचं काय? गेलेली ताकद कशी आणायची?

इथं एक नवलाची गोष्ट आहे. फोर-अमिनोपिरिडिन नावाचं एक रसायन आहे. अमेरिकेत ते शेतातली पाखरं मारायला आणि हाकलायला वापरत. दाणा खाल्लेल्या पाखराला झटके यायचे, बाकीचा थवा घाबरून उडून जायचा. शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की हे रसायन तंतूंतून गळणारा करंट अडवतं. मग अगदी थोड्या मात्रेत, सावकाश विरघळणारी गोळी करून एमएसच्या रुग्णांवर परीक्षा झाली. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना चालण्यात फरक पडला, आणि ज्यांना पडला त्यांचा चालण्याचा वेग साधारण पाव पटीनं वाढला. 2010 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. म्हणजे तिघींतल्या दोघींना काहीच उपयोग नाही. जिला आहे तिलाही तो गोळी चालू असेपर्यंतच. मात्रा चुकली की पाखराला येतात तसे झटके माणसालाही येतात. म्हणून हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही, हे आम्ही दोनदा सांगतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही.

आणि दुपारचं कोडं? जर्मनीतले डोळ्यांचे डॉक्टर उह्टहॉफ यांनी 1890 मध्येच लिहून ठेवलंय की मेहनतीनंतर या रुग्णांची नजर अंधुक होते. पुढे कळलं की कारण मेहनत नव्हे, अंगातली वाढलेली उष्णता. वेष्टण गेलेली तार तापली की करंट आणखी कमी जातो, अंग थंड झालं की पुन्हा सुधारतो. कित्येक वर्षं डॉक्टर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून याच खुणेवरून आजार ओळखत. म्हणजे आमची मैत्रीण सकाळी सातला नळावर चालत होती हे खरं, आणि मे महिन्यात दुपारी तीनला तिला उंबरा ओलांडवत नव्हता हेही खरं. 1890 पासून लिहिलेली गोष्ट आम्हाला माहीत नव्हती, आणि आम्ही दंड लावत होतो.

उष्णतेच्या या भीतीपोटी डॉक्टरांचीही एक चूक झाली. कित्येक दशकं ते एमएसच्या माणसाला सांगत राहिले, व्यायाम करू नका, पडून राहा. पडून राहिलं की चांगले स्नायूही झिजतात. म्हणजे आधी केबल खराब, मग न वापरल्यानं मोटारही गंजलेली. 1996 मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी रुग्णांचे दोन भाग केले आणि एका भागाकडून पंधरा आठवडे, आठवड्याला तीनदा सायकलसारख्या यंत्रावर व्यायाम करून घेतला. त्यांची ताकद आणि दमसास वाढला. आता सगळीकडे हेच सांगतात की रोज थोडं, थंड वेळी, दमण्याआधी थांबत हलत राहा. पाय कडक होत असतील तर बॅक्लोफेन देतात. ते मुळात मिरगीसाठी केलेलं औषध, मिरगीला लागू पडलं नाही, पण कडक स्नायू सैल करायला उपयोगी पडलं.

फसव्या आशा अजून संपलेल्या नाहीत. 2009 मध्ये इटलीतले डॉक्टर पाओलो झाम्बोनी म्हणाले की मानेतल्या शिरा अरुंद झाल्यानं एमएस होतो, त्या फुगवून मोकळ्या केल्या की बरं वाटतं. त्यांच्या बायकोलाच हा आजार होता. माणूस लबाड नव्हता, तळमळीनंच शोधत होता. जगभरातले हजारो रुग्ण हे करून घ्यायला धावले. कॅनडातून लोक कर्ज काढून परदेशी गेले, काही आपल्या भारतातही आले. कित्येकांनी सांगितलं, पायात ताकद आली. मग दोन भाग पाडून परीक्षा झाल्या, एक खुद्द झाम्बोनींनीच घेतली, आणि शिरा फुगवलेल्यांत नि न फुगवलेल्यांत काही फरक निघाला नाही. निकाल आपल्या विरुद्ध गेला तरी त्यांनी तो छापला, याचं आम्हाला कौतुक वाटतं.

जगात या आजाराचे सुमारे 28 लाख लोक आहेत, आणि पुरुषांच्या दुपटीहून जास्त बायका. सुरू होतो तो बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, म्हणजे लेकरं लहान असतानाच. आपल्याकडे 1985 साली मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया सुरू झाली, तिची शाखा पुण्यातही आहे. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात या आजाराचं नाव नव्हतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार धरले, त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे. म्हणजे प्रमाणपत्र मिळू शकतं. चाळीस टक्के किंवा जास्त भरलं तर योजनांचा लाभ मिळतो.

आमच्या मैत्रिणीची तपासणी डिसेंबरात झाली, सकाळी दहाला, गार हवेत. ती बऱ्यापैकी चालली. कागदावर चाळीसच्या खालचा आकडा आला. दुपारच्या पायांबद्दल कुणी विचारलं नाही, आणि तिलाही सांगायचं सुचलं नाही. आता फेरतपासणीचा अर्ज केलाय. डॉक्टरीणबाईंनी सुचवल्याप्रमाणे ती रोजनिशी लिहिते: किती वाजता, किती पावलं, ऊन किती, पाय कसे. हात थकतो तेव्हा तिची मुलगी लिहिते, चौथीत आहे ती.

दंडाचे सत्तर रुपये गटानं परत केले. ती घेत नव्हती, नियम म्हणजे नियम म्हणत होती, मग आम्ही ठराव करून ते वहीतूनच काढले. बारा हजारांचं व्याज माफ केलं, मुद्दल ती फेडतेय. बैठक आता सकाळी साडेसातला असते. त्यावरून दोघी अजून कुरकुरतात, कारण ती डब्यांची वेळ, आणि त्यांचंही खोटं नाही. फेरतपासणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. आमच्यातल्या दोघी तिच्याबरोबर जाणार आहोत, वही घेऊन.